झोपण्याआधीची गोष्ट: दोन एक नंबर

माझ्या लेकीला रात्री राजाराणी नको असते. दिवा मालवला की फर्माईश ठरलेली: "बाबा, तुझी खरी सांग. आणि हसायची!" मला हे फार आवडतं. पाच मिनिटांची गोष्ट, पण त्यात आमचं अख्खं घर असतं.

सध्या रोज दादरची गोष्ट चालते. मी सात वर्षांचा, मे महिना. आई परळहून येणार, बाबा आणि मी लोअर परळहून. तिघं मिळून मावशीकडे जायचं. ठरलं काय, तर "दादरला एक नंबरवर भेटू." तेव्हा दादर स्टेशनात पश्चिम रेल्वेचा एक नंबर फलाट वेगळा आणि मध्य रेल्वेचाही एक नंबर वेगळा! आई तिकडे, आम्ही इकडे. मोबाईल कुठला? तासाभराने पिशवीतलं श्रीखंड पातळ होऊन झाकणाच्या कडेने बाहेर यायला लागलं. बाबा म्हणाले, "सांडण्यापेक्षा पोटात गेलेलं बरं." मी बोटाने चाटत सुटलो, मग बाबांनीही एक बोट बुडवलं.

शेवटी पुलावर गाठ पडली. दोघं एकदमच ओरडले, "अहो, मी एक नंबरवरच होते!" "अगं, मीही!" मग आईने डबा उघडला. इथे लेक हसून उशीवर लोळते.

डिसेंबर 2023 मध्ये दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांना 8 ते 14 नंबर दिले, हे सांगितलं तेव्हा ती ताडकन उठून बसली.

"म्हणजे आता आजी आठवर थांबली असती? मग श्रीखंड?"