विसावा माणूस

आमच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर दर महिन्याला दोन तारखांभोवती लाल गोल असतो. सात आणि पंधरा. सातच्या आत पगार, पंधराच्या आत कामगारांचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा). गिऱ्हाइकाकडून पैसे येण्याच्या तारखेला मात्र गोल काढता येत नाही, कारण ती तारीख कुणालाच ठाऊक नसते. बडोद्यात बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं धंदा करून आम्ही काय केलं, असं कुणी विचारलं तर या गोल असलेल्या आणि नसलेल्या तारखांचा मेळ घातला, एवढंच सांगता येईल.

सुरुवात आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत ते शिकले, काही वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत राबले आणि १९८३ मध्ये मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ (धातू कातायचं मशीन) बसवला. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरचे कारखाने भरपूर. त्यांना लागणारे पितळी नट, तांब्याचे रॉड, फ्लँज असलं टर्निंगचं, म्हणजे कातायचं काम मिळायला वेळ लागला नाही. आप्पा स्वतः मशीनवर उभे राहायचे आणि संध्याकाळी सायकलवरून माल पोचवायचे. दांडिया बाजारातल्या घरी सासूबाई चलनांची वही लिहायच्या. मी सांगलीहून २००४ मध्ये या घरात आले आणि २००९ पासून ती वही माझ्याकडे आली. तोवर वहीचा कॉम्प्युटर झाला होता. उधारीची पानं तेवढी तशीच होती.

बँकेची पहिली मोठी गोष्ट २०१२ ची. जुनं पण चांगलं, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन मिळत होतं आणि अठरा लाख हवे होते. छोट्या उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून सरकार आणि लघुउद्योगांची सरकारी बँक सिडबी यांनी २००० मध्येच हमी देणारा ट्रस्ट काढला आहे, हे मी वाचून गेले होते. मॅनेजरसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, योजना आहे ना. पण घराचे कागद पण आणा." योजनेचं नाव काढलं की समोरच्याची मान हलते आणि हात घराच्या कागदांकडे जातो, हे तेव्हा कळलं. सासूबाईंनी ट्रंकेतून कागद काढून दिले आणि एकच वाक्य बोलल्या, "नेलेत तसे परत आणा." ते परत यायला २०१८ उजाडलं.

आता ज्याची लाज वाटते ते सांगते. पीएफचा कायदा वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला लागतो. त्यामुळे आमच्या पगारपत्रकावर कित्येक वर्षं एकोणीसच नावं होती. प्रत्यक्षात माणसं बावीस-तेवीस. एकोणीसच्या वरच्या तीन-चार जणांना व्हाउचरवर, म्हणजे पत्रकाबाहेर, पैसे. जीआयडीसीत हे कुणाला सांगावंही लागत नसे. एकोणीस हा तिथला सगळ्यात आवडता आकडा होता. आमच्या सल्लागाराने तर मला तो पाढ्यासारखा पाठ करून दिला होता.

२०१४ च्या डिसेंबरात व्हाउचरवरच्या एका मुलाचा हात प्रेस मशीनमध्ये गेला. वय एकोणीस, दाहोदकडचा, कामाला लागून चार महिने झालेले. दोन बोटं गेली. पत्रकावरच्या कुणाला हे झालं असतं तर ईएसआयने उपचार केले असते आणि घरी बसल्या दिवसांचा नव्वद टक्के पगारही दिला असता. याचं नावच कुठे नव्हतं. खासगी दवाखान्याचं बिल शहाऐंशी हजार झालं, वर नुकसानभरपाई वेगळी. नेमकी तेव्हा कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेतून लागेल तशी उचलायच्या कर्जाची, मर्यादा काठापर्यंत भरलेली, कारण दोन मोठी बिलं चार महिने अडकली होती. पगाराला ठेवलेल्या पैशातून दवाखाना भागवला आणि त्या महिन्यात पगार अकरा तारखेला झाले.

मी माफी मागायला वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा आमचे जुने टर्नरकाका मशीन बंद करून म्हणाले, "भाभी, पगार चार दहाडा मोडो चालशे. पण छोकरानुं नाम चोपडे चडावो." पगार चार दिवस उशिरा चालेल, पोराचं नाव वहीत चढवा. एवढं बोलून त्यांनी मशीन परत सुरू केलं.

पुढच्या एप्रिलपासून सगळी नावं पत्रकावर आली. विसावा माणूस म्हणजे तोच मुलगा, आता पॅकिंगला. हे, म्हणजे माझे यजमान, गमतीने म्हणाले, "याच्यामुळे तुला विसावा मिळाला." विसावा कसला, डोक्याला नवीन काम! आणि ज्यांच्यासाठी हे केलं तेच आधी नाराज झाले. नऊ हजार पगाराच्या हेल्परचे १,०८० रुपये कापले गेले तेव्हा त्याने चिठ्ठी उलटसुलट करून विचारलं, "पण हाथमां केटला?" हातात किती? तेवढीच रक्कम आम्हीही घालतो, त्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जातो, हे त्याला समजावताना माझं मलाच नीट कळलं. दोन जण तेवढ्यावरून शेजारच्या शेडमध्ये गेले. एक वर्षभरात परत आला, बायकोच्या बाळंतपणाच्या तोंडावर.

आमच्या असोसिएशनच्या चहापानात नेहमी ऐकू येतं की कामगार कायद्यांनी छोट्या माणसाला मारलं. मी हिशेब ठेवते म्हणून सांगते, आम्हाला पीएफने कधी बुडवायला आणलं नाही. तो खर्च आधी माहीत असतो, दरात धरता येतो. बुडवायला आणतं ते दुसरंच.

एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा २००६ चा. त्यात स्पष्ट लिहिलंय की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे. करार नसेल तर पंधरा दिवसांत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, आणि तेही दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३-२४ मध्ये बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज सव्वावीस टक्के. इतका सावकारी दर सरकारने आमच्या बाजूने लिहून ठेवलाय! आजवर तो आम्ही किती वेळा मागितला? एकदा. एका कॉन्ट्रॅक्टरशी संबंध तुटल्यावर थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार टाकली. मुद्दल आलं, व्याज सोडून दिलं. चालू गिऱ्हाइकाकडे व्याज मागणं म्हणजे पुढची ऑर्डर स्वतःच्या हाताने शेजाऱ्याला देणं.

उशीर नुसता उशीर राहत नाही. आमच्या कॅश क्रेडिटच्या अटीत उचलीची मर्यादा काढताना नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी धरत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक जितकं थांबवणार तितकी बँक आमची उचल कमी करणार. पैसे नाहीत म्हणून बँकेकडे जावं, तर पैसे नाहीत म्हणूनच बँक देत नाही. मी दर महिन्याला बँकेसाठी स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येण्यांचा हिशेब) भरते तेव्हा सगळ्यात आधी ८८-८९ दिवसांवर आलेली बिलं शोधते आणि त्या कंपन्यांना फोन लावते. परचेसवाले आवाज ओळखतात. "भाभी, नेक्स्ट वीक."

२०२० चं टाळेबंदीचं वर्ष सगळ्यांनी सोसलं, त्यामुळे रडगाणं नको. दोनच गोष्टी सांगते. मार्चअखेर पूर्ण पगार द्या असा केंद्राचा आदेश आला, आम्ही मार्च आणि एप्रिल पूर्ण दिला, मे अर्धा. त्याच सुमाराला सरकारने छोट्या आस्थापनांचा पीएफ, दोन्ही बाजूंचे मिळून चोवीस टक्के, स्वतः भरायचं जाहीर केलं. अट अशी की माणसं शंभरपर्यंत हवीत आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांचा पगार पंधरा हजारांच्या आत हवा. आमच्या सव्वीस जणांत चौघे पंधरा हजारांच्या वर. दोन असते तर बसलो असतो. आदल्याच दिवाळीत त्यातल्या दोघांना आम्ही वाढ दिली होती. सीए फोनवर हसला, मग त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्या महिन्याची फी त्याने मागितली नाही. दुसरी गोष्ट चांगली. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या वीस टक्के जास्तीचं कर्ज, पूर्ण सरकारी हमीवर, वर्षभर मुद्दल भरायचं नाही. आमच्या अडतीस लाखांवर सात लाख साठ हजार मिळाले. घराचे कागद कुणी मागितले नाहीत. बँक मागेल म्हणून मी पिशवीत घेऊन गेले होते, ते तसेच परत आणले.

टर्नरकाका २०२३ मध्ये निवृत्त झाले. एकतीस वर्षं नोकरी, शेवटचा पगार चोवीस हजार. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायच्या रकमेचं, गणित सोपं आहे: पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून, गुणिले वर्षं. ४,२९,२३१ रुपये, तीस दिवसांत. त्याच आठवड्यात एका मोठ्या कंपनीकडे आमचे अकरा लाख एकशे चाळीस दिवसांपासून अडकलेले. आप्पांनी ग्रॅच्युइटीसाठी कधी बाजूला काही ठेवलं नव्हतं, आम्हीही नाही. तो धडा आम्ही फार महाग शिकलो. माझी एक एफडी मोडली, उरलेलं ह्यांच्या भावाने दिलं. काकांनी चेक घेतला, घडी न घालता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आणि विचारलं, "हमणां भरुं के रोकुं?" आता भरू की थांबू? त्यांना आमची अवस्था माहीत होती. भरा म्हटलं. पण घाम फुटला होता.

मग आयकराचं ते ४३ बी मधलं नवीन पोटकलम आलं. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते बाकी राहिले, तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येणार नाही. २०२३-२४ पासून लागू. वाटलं, आपली तारीख आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोन वाजायला लागले, पण पैशासाठी नव्हे. एका कंपनीच्या परचेसवाल्याने विचारलं, "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन रद्द नाही का करता येणार?" उद्यम म्हणजे आमच्यासारख्या उद्योगांची सरकारी नोंदणी. पंचेचाळीस दिवस पाळण्यापेक्षा आम्ही लघु नसणंच त्यांना स्वस्त वाटलं. आम्ही नाही म्हणालो. तीन महिने त्यांचं काम बंद होतं, मग दुसऱ्यांच्या मालातल्या रिजेक्शनला कंटाळून परत आले. मार्चअखेर मात्र खरंच पैसे येतात. एप्रिलपासून पुन्हा ये रे माझ्या मागल्या, कारण मेचं बिल डिसेंबरात दिलं तरी वर्ष तेच असतं आणि त्यांचा खर्च धरला जातो. दिवाळीच्या तोंडावर या कलमाचा उपयोग शून्य.

आणि उलट बाजू बघा. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ आम्ही एक दिवस उशिरा भरला, तर तो खर्च कायमचा जायचा, पुढच्या वर्षीही मिळत नसे. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तसा निकाल दिलाय. तो निकाल मला मान्य आहे. पोराच्या पगारातले पैसे माझे नव्हेतच. पण माझे पैसे तरी मोठ्या कंपनीचे कुठे आहेत? त्यांचा खर्च मात्र, जेव्हा केव्हा पैसे देतील त्या वर्षी, परत मिळतो.

अलीकडे थोडं सुसह्य झालंय ते ट्रेड्स या ऑनलाइन प्लॅटफॉर्ममुळे. गिऱ्हाइकाने प्लॅटफॉर्मवर बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत पैसे येतात. व्याज त्या कंपनीची पत बघून, म्हणजे आमच्यापेक्षा बरंच कमी. पुढे कंपनीने बुडवलं तरी बँक आमच्या मागे लागत नाही. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी आता सक्तीची आहे. नोंदणी केली म्हणजे बिल मान्य करतीलच असं नाही, हे वेगळं सांगायला नको. आमच्या नऊ गिऱ्हाइकांपैकी दोघं करतात.

१ एप्रिल २०२५ ला सरकारने व्याख्या बदलल्या. दहा कोटींपर्यंत उलाढाल असली तर सूक्ष्म. आम्ही सहा कोटींवर जाऊन मोठ्या अभिमानाने लघु झालो होतो, बसल्या जागी परत सूक्ष्म झालो. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे काय, वजन उतरलं?"

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सगळ्यांना नेमणूक पत्र द्यायचं, मूळ वेतन एकूण पगाराच्या निम्मं तरी धरायचं, ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरातच ग्रॅच्युइटी. आमच्याकडे भत्ते फुगवलेले होते, ते सरळ करायला दोन रविवार गेले. आणि वीजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायची मर्यादा दहावरून वीस माणसांवर गेली. पुन्हा वीस. ज्याने कुणी हा आकडा धरला त्याने मकरपुऱ्यात चहा प्यायलेला नसणार.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतला एक तरुण आला. सतरा माणसं आहेत, ऑर्डर वाढली आहे. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "काकू, एकोणीसवर थांबावं ना?" मी कपाटातली जुनी फाइल काढून २०१४ चं दवाखान्याचं बिल आणि त्याला जोडलेली, त्या महिन्यात अकरा तारखेला झालेल्या पगाराची यादी त्याच्यासमोर ठेवली. पॅकिंगचा तो विसावा माणूस तेव्हा बाहेर खोकी बांधत होता, तीन बोटांच्या हाताने, सराईतपणे. तरुणाने मोबाइलवर बिलाचा फोटो काढला, चहा संपवला. काय ठरवलं ते अजून कळवलेलं नाही.