वॉर्डात मानसोपचार मिळतो, पण मागावा लागतो

माझा धाकटा भाऊ सातपूर एमआयडीसीत कामाला. निमोनिया झाला म्हणून नाशिकमधल्याच एका दवाखान्यात भरती केला, तर तपासणीत एचआयव्ही निघाला. सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, 200 च्या बरंच खाली, म्हणजे एड्सच. निमोनियावर इलाज जोरात चालू होता, पण पोरगं बोलेनासं झालं. भिंतीकडे तोंड, डबा तसाच परत. राउंडला विचारलं की एकच उत्तर, "अशक्तपणा आहे." अशक्त माणूस निदान पाणी तरी मागतो!

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, समुपदेशक बाईंनी सांगितलं, भरती पेशंटसाठी वॉर्डातल्या डॉक्टरांनीच मानसोपचाराला कॉल लिहायचा, म्हणजे त्यांना पेशंट बघायला बोलवायचं असतं. मग मी हाउसमनच्या, म्हणजे वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरच्या, मागेच लागले.

मानसोपचाराच्या मॅडम आल्या. आधी तारीख-वार विचारला, मग महिने उलटे म्हणायला लावले. डिसेंबर, नोव्हेंबर करत गडी ऑगस्टला अडला. प्रतिकारशक्ती इतकी खाली असताना मेंदूत जंतुसंसर्ग झाला तरी माणूस असाच गप्प होतो, म्हणाल्या, ते आधी बघू. सीटी स्कॅन झाला, पाठीतलं पाणी तपासलं. दोन्ही चांगलं आलं. मग मला बाहेर काढून त्याच्याशी बोलत बसल्या. मरावंसं वाटतं का, असं सरळच विचारलं म्हणे. "ताई, कुणीतरी विचारलं एकदाचं," हे त्याचं कितीतरी दिवसांतलं पहिलं धड वाक्य.

नैराश्याची गोळी सुरू झाली. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, हेही सांगितलं. एचआयव्हीची टीएलडी नावाची गोळी रात्रीऐवजी सकाळी दिली, कारण त्यातल्या डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते.

खाटेच्या डोक्याशी लाल पेनाने 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद होता. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय असं उघड करता येत नाही, हे इन्चार्ज सिस्टरना सांगितल्यावर तो निघाला. वॉर्डात जेवण देणाऱ्या मावशी मात्र शेवटपर्यंत ताट लांबूनच सरकवत राहिल्या.

घरी आणल्यावर रात्री जीव घाबरला की तो 14416 वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करतो. फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि डिस्चार्जच्या वेळीच मानसोपचाराची तारीख एआरटीच्या गोळ्यांच्या दिवशी मागून घ्या. नाहीतर दोन खेपा पडतात, कंपनीत दोन खाडे होतात आणि सुपरवायझर कारण विचारतो.