लालसरी मोजताना

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत आकडा हमखास चुकतो तो लालसरी, शेंडी बदक अशा डुबी मारणाऱ्या बदकांचा. थव्यातली काही बदकं सतत पाण्याखाली असतात, एकेक डुबी 15-20 सेकंदांची. म्हणून थवा एकदा मोजून पुढे सरकू नका. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने पाचदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. सरासरी काढलीत की डुबीतली बदकं पुन्हा हिशेबातून गळतात.

आधी ती सापडायला हवीत. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला काय किंवा जायकवाडीच्या नाथसागरावर काय, काठाजवळ दिसतात ती तलवार बदकं आणि थापटे, म्हणजे डुबी न मारणारी बदकं. छोटी लालसरी, शेंडी बदक आत असतात, साधारण 1 ते 3 मीटर पाण्यात. तळाशी ऊन पोचेल आणि पाणवनस्पती वाढतील इतपतच खोली त्यांना लागते. शेंडी बदक शिंपले-गोगलगाईंसाठी आणखी खोल जातं. मोठी लालसरी मात्र या वाटणीला जुमानत नाही, ती काठाला शेपूट वर करूनही चरते. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी उतरतं आणि थवेही जागा बदलतात, त्यामुळे गेल्या महिन्याच्या जागेवर विसंबू नये.

लांबून ओळखायचं तर शेपूट बघा. डुबी मारणाऱ्यांची पाण्याला टेकलेली, बाकीच्यांची उचललेली. पाय फार मागे असल्याने ही बदकं जागच्या जागी उडत नाहीत, पाण्यावर धावत उठतात. जलपर्णीने पाणी झाकलं की धावायला जागाच उरत नाही.

शेंडी बदकाच्या मादीच्या शेपटीखाली कधी कधी पांढरं असतं आणि ती नयनसरी या दुसऱ्याच डुबी मारणाऱ्या बदकाच्या नावाने वहीत चढते. डोळा पाहा: शेंडी बदकाचा पिवळा, नयनसरीच्या नराचा पांढरा, मादीचा तपकिरी. हे सकाळीच उरका. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि भारीतली दुर्बीणही उपयोगाची राहत नाही. त्यात लालसरी बरंचसं खाणं रात्री उरकून दिवसा चोच पाठीत खुपसून झोपते. असा थवा मोजायला सोपा, ओळखायला अवघड.

रात्रीच्या याच चरण्यात एक धोका आहे. संध्याकाळी पाण्यात उभं लावलेलं आणि पहाटे काढायचं मासेमारीचं नायलॉनचं जाळं नेमकं त्याच वेळी तिथे असतं, आणि त्यात अडकलेलं बदक बुडून मरतं. गणनेच्या तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात जाळी किती आणि कुठल्या बाजूला, हेही लिहा.