आवाज तं बराबर होता

"आवाज तं बराबर होता बाबू. पण तू कुठं होता?"

काल नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या प्रार्थनेनंतर खंजिरी पिशवीत घालता घालता काका एवढंच म्हणाले अन् चप्पल शोधायला लागले.

१५ दिवस मोबाईलवर एकाच गायकाचं भजन ऐकून मी घोटलं होतं. त्याची तान, त्याचा खर्ज, मधेच थांबून डोळे मिटायची त्याची लकबसुद्धा. डोळे मिटायची! देवासमोर. आता लिहितानाही लाज वाटतेय.

घरी येताना गाडीवर एक जुनी गोष्ट आठवत राहिली. यावलीचा माणिक भजनात 'तुका म्हणे' गायचा, तर त्याच्या गुरूंनी, अडकोजी महाराजांनी, त्याला सांगितलं म्हणे, 'तुकड्या म्हणे' म्हण. १९०९ साली जन्मलेला तो पोरगा म्हणजे आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. नागपूर विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकलीय, पण नावाची गंमत म्हणून. खुद्द तुकोबांच्या नावानं गाणंही गुरूला पुरेसं वाटलं नाही, हे काल पहिल्यांदा टोचलं.

खरं सांगू? मला गाण्यापेक्षा सतरंज्या घालायला, पेटी पुसून ठेवायला, उशिरा आलेल्या आजीला भिंतीशी जागा करून द्यायला जास्त आवडतं. तेव्हा मला कोणासारखं व्हायचं नसतं. पण सतरंजी घालणाऱ्याचा व्हिडिओ कोण काढते जी!

गुरुवारी परत प्रार्थना आहे. काका माईक माझ्याकडंच सरकवतील. घेऊ का?