बेपत्ता शास्त्रज्ञ, सन १२०००: पुराव्यांचा टप्पा

ट्वाइनमध्ये (मजकुरातून खेळायचे खेळ बनवण्याचं साधन) चाललेल्या मजकूर-खेळाची ही पुढची नोंद. सांगाडा असा: सन १२०००च्या आसपास, सूर्यापासून ५५० खगोलीय एककांवरच्या (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) वेधस्थानकातून एक शास्त्रज्ञ नाहीशी होते. जवळपास बत्तीस वर्षांनी तिचं उपकरण स्थानकाच्याच कोठारात सापडतं. स्थानकाचं यान मधल्या काळात जागचं हललंच नाही, असं यानाची नोंदवही म्हणते. खेळाडू तपासनिसाच्या भूमिकेत. पुढे उकल उघडी केली आहे, त्यामुळे ज्यांना खेळ कोरा खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावं.

दूरभविष्यातल्या रहस्यकथेचं नेहमीचं दुखणं म्हणजे शेवटच्या प्रकरणात बाहेर येणारं एखादं अद्भुत यंत्र. वाचकाला ते आधी माहीतच नसतं, मग तो तर्क कशाच्या जोरावर करणार? म्हणून इथे नियम ठेवला आहे की प्रत्येक दुवा वही, पेन्सिल आणि साध्या गणकयंत्रावर उकलीच्या आधी काढता आला पाहिजे. यानाचा वेग सोडला तर बाकी सगळं भौतिकशास्त्र आजचंच आहे.

स्थानक ५५० एककांवरच का

सूर्याच्या कडेला घासून जाणारा प्रकाश १.७५ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वळतो आणि असे किरण सुमारे ५४८ एककांपलीकडे एकत्र येऊ लागतात. हे सूर्याचं गुरुत्वीय भिंग. दुर्बीण लक्ष्य-ताऱ्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असावी लागते. लक्ष्य टाऊ सेटी ठेवलं, त्यामुळे स्थानक भूतप तारकासमूहाच्या बाजूला येतं. पृथ्वीएवढ्या ग्रहाची प्रतिमा तिथे जवळजवळ ९.७ किलोमीटर रुंद पडते, म्हणजे ती एका झटक्यात टिपता येत नाही. हजार गुणिले हजार ठिपक्यांचं चित्र हवं असेल तर दुर्बीण दर ठिपक्याला साधारण १० मीटर सरकवावी लागते. या सरकण्याच्या इंधननोंदी हा खेळातला एक पुरावा आहे, त्याकडे शेवटी येऊ.

जबाबांची घड्याळं

प्रकाशाला एक एकक ओलांडायला ४९९ सेकंद लागतात. ५५० एककांना ७६ तास १४ मिनिटं, जाऊन-येऊन १५२ तास २८ मिनिटं. पृथ्वीवरच्या साक्षीदाराला प्रश्न विचारला की खेळातलं घड्याळ तेवढं पुढे जातं. त्यामुळे प्रश्न एकेक विचारणं महागात पडतं आणि खेळाडू आपोआप प्रश्नांचा गठ्ठा पाठवायला शिकतो.

यातच पहिला सापळा. एक साक्षीदार आपण पृथ्वीवर असल्याचं सांगतो, पण त्याचं उत्तर १५१ तास ४८ मिनिटांत येतं. ४० मिनिटं लवकर, म्हणजे एका बाजूला २० मिनिटं, म्हणजे तो सूर्यापेक्षा किमान २.४ एककं स्थानकाजवळ. 'किमान', कारण उत्तराचा विचार करायला त्याने वेळ घेतला असेल तर तो आणखी जवळ असणार. उशिरा आलेलं उत्तर काहीच सिद्ध करत नाही. लवकर आलेलं मात्र खोडता येत नाही. फरक ठरवताना एक काळजी घ्यावी लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जाऊन-येऊन वेळ १६ मिनिटं ३८ सेकंदांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. दुवा १०-१५ मिनिटांचा ठेवला तर तो दुवाच राहत नाही. खडूस खेळाडू पृथ्वीची कक्षा दाखवून मोकळा होतो.

मुख्य पुरावा: उष्णता

नोंदवही बदलता येते, घड्याळ मागे-पुढे करता येतं. किरणोत्सारी क्षय मात्र कोणाच्या हातात नाही. शास्त्रज्ञेच्या उपकरणातली बॅटरी प्लुटोनियम-२३८ची, अर्धायुष्य ८७.७ वर्षं. सुरुवातीला १०० वॉट उष्णता, म्हणजे शुद्ध समस्थानिक धरला तर साधारण १७५ ग्रॅम. दहा हजार वर्षांनंतर हे इंधन कुठून आलं, असं कोणीतरी विचारणारच. ते नेप्च्युनियम-२३७ वर न्यूट्रॉनचा मारा करून बनतं आणि नेप्च्युनियमचं अर्धायुष्य वीस लाख वर्षांहून जास्त आहे, त्यामुळे जुना साठा पुरतो.

स्थानकात त्याच ओतणीतली जुळी बॅटरी कायम जागेवर होती. ३१.९ वर्षांनी तिची उष्णता ७७.७ वॉट. सापडलेल्या उपकरणातली बॅटरी ८४.८ वॉट देते. ७७.७ वॉट म्हणजे ३१.९ वर्षं, ८४.८ वॉट म्हणजे २०.९ वर्षं. म्हणजे उपकरणाने ११ वर्षं कमी भोगली. इतक्या वेगाने जाणाऱ्या वस्तूचा काळच मंद चालतो; प्रकाशवेगाच्या जवळपास प्रवास झाल्याशिवाय हे होत नाही, आणि नोंदवही खोटी ठरते.

मोजायची ती उष्णता, वीज नव्हे. उष्णतेचं विजेत रूपांतर करणाऱ्या जोड्याही जुन्या होत जातात. व्हॉयेजर १ या अंतराळयानावर १९७७ साली सुमारे ४७० वॉट वीज मिळत होती. नुसत्या क्षयाच्या हिशेबाने २००१च्या सुरुवातीला ती ३९० वॉटच्या आसपास असायला हवी होती; प्रत्यक्षात ३१५ होती. विजेवरून वय काढणारा खेळाडू चुकीच्या उत्तरावर जातो, म्हणून खेळात दोन्ही मापकं ठेवली आहेत आणि विजेचं मापक दाराजवळ आहे.

आता वेग. यानाच्या माहितीपत्रकात प्रवासवेग प्रकाशवेगाच्या ०.८ पट आणि प्रवेग पृथ्वीच्या गुरुत्वाएवढा दिलेला आहे. ०.८ निवडण्यामागे कारण आहे. या वेगाला यानावरचं एक वर्ष म्हणजे स्थानकावरची १.६७ वर्षं, आणि जाऊन-येऊन प्रवासात दोन घड्याळांतला फरक जितकी वर्षं, तितकीच प्रकाशवर्षं एका बाजूचं समवेगी (वेग न बदलता कापलेलं) अंतर. ०.६ किंवा ०.९ घेतलं तर अपूर्णांकांचा गुंता होतो आणि खेळाडू हिशेब सोडून अंदाज मारू लागतो.

प्रवेगाचा भाग वगळून चालत नाही. एका प्रवेगाला (किंवा थांबण्याला) स्थानकाच्या घड्याळाने १.२९ वर्षं, यानाच्या घड्याळाने १.०६ वर्षं आणि ०.६५ प्रकाशवर्षं अंतर. असे चार टप्पे: निघणं, थांबणं, पुन्हा निघणं, पुन्हा थांबणं. चारही मिळून घड्याळांत ०.९ वर्षाचा फरक पडतो. एकूण फरक ११.०, त्यातून ०.९ वजा केला की १०.१ उरतात. हे एका बाजूचं समवेगी अंतर. त्यात प्रवेगाची १.३ प्रकाशवर्षं मिळवली की ११.४.

तिथला मुक्काम किती, हे खेळाडूला माहीत नसतं आणि लागतही नाही. थांबलेल्या काळात दोन्ही घड्याळं सारखीच चालतात, वजाबाकीत तो काळ उडून जातो. (कथेत दीड वर्ष आहे.) अंतर कळल्यावर तो उलट काढता येतो, आणि शास्त्रज्ञेचं तिथे काय चाललं होतं याचा पुढचा धागा त्यातूनच सुटतो.

अचूकतेकडे लक्ष द्यावं लागतं. उष्णतेच्या मापात १ टक्का चूक म्हणजे वयात जवळपास १.३ वर्षं, म्हणजे अंतरात १.३ प्रकाशवर्षं. त्या पट्ट्यात तारेच तारे आहेत. मापकावर दशांशानंतर एक आकडा दाखवला की चूक ०.१५ प्रकाशवर्षावर येते. '८५ वॉट' असा गोल आकडा लिहिला तर कोडं सुटण्याजोगं राहत नाही.

बॅटरी बदलली असेल तर?

चाचणीत सगळ्यात चांगली हरकत हीच निघते: अकरा वर्षांनी लहान असलेली दुसरी बॅटरी उपकरणात बसवली तर तीही ८४.८ वॉटच देईल. दुसरा समस्थानिक मोजून ही पळवाट बंद होत नाही, कारण काळ मंदावला की सगळेच समस्थानिक सारखे मंदावतात. तोडगा इंधनातल्या भेसळीत आहे. प्लुटोनियम-२३९ (अर्धायुष्य २४,११० वर्षं) आणि प्लुटोनियम-२४० (६,५६१ वर्षं) यांचं प्रमाण तीस वर्षांत नावालाच बदलतं, उष्णतेतही त्यांचा वाटा नगण्य. दोन्ही बॅटऱ्यांत हे प्रमाण सारखं निघालं की ओतणी एकच, आणि त्या ओतणीची तारीख पुरवठ्याच्या यादीत आहे. हा दुवा ऐच्छिक आहे, पण ज्याला शंका येते त्याला उत्तर मिळतं.

११.४ प्रकाशवर्षांवर कोण?

इथे आजची तारकासूची घेऊन बसणारा खेळाडू फसतो. आजच्या सूचीत ११.४ ला हंसातला ६१ क्रमांकाचा तारा आहे आणि टाऊ सेटी ११.९ वर. पण मधे दहा हजार वर्षं गेली आहेत. ६१ हंस सेकंदाला ६५ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतोय, तेव्हा तो साधारण ९.७ वर आलेला असेल. टाऊ सेटीची जवळ येण्याची गती सेकंदाला १६.७ किलोमीटर आणि आडवी गती ३३. हिशेब केला की ११.४. आकाशातही तो साडेपाच अंशांच्या आसपास सरकलेला असतो, तितकंच स्थानकही. खेळातल्या सूचीत ताऱ्यांची आजची अंतरं आणि गती दिली आहे, तयार उत्तर दिलेलं नाही. अंतराचा त्रिकोण खेळाडूनेच सोडवायचा.

प्रश्वा हा तारा मात्र दहा हजार वर्षांनीही ११.४ च्याच आसपास राहतो. हा योगायोग मुद्दाम ठेवला आहे. त्याला बाद करायला भिंगाचा पुरावा: प्रश्वाची दिशा टाऊ सेटीच्या दिशेशी जवळपास काटकोनात आहे, तिकडे बघायला स्थानक साडेसातशेहून जास्त एककं हलवावं लागलं असतं. इंधननोंदीत फक्त १०-१० मीटरच्या उड्या आहेत. त्यातल्या सलग सहा ओळी टिपल्याची नोंद इंधनात आहे, पण चित्रात त्या ओळी नाहीत. कोणीतरी त्या पुसल्या, आणि शास्त्रज्ञा जिथे गेली ती जागा त्या ओळींतच आहे.

देवनागरीच्या खोड्या

उत्तर टाइप करून घ्यायच्या जागी दोन गोष्टी आधीच बांधून घ्याव्यात. एक म्हणजे आकडे. खेळाडू '११.४' देवनागरीत लिहितो, जावास्क्रिप्टला (खेळ ज्या संगणक-भाषेत चालतो तिला) तो आकडा वाटत नाही आणि बरोबर उत्तर चूक ठरतं. तुलना करण्याआधी प्रत्येक देवनागरी अंकाच्या युनिकोडमधल्या (अक्षरांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) संकेतक्रमांकातून २४०६ वजा करून साधा अंक करून घ्यावा. दोन म्हणजे 'ऱ्य'. 'दुसऱ्या' हा शब्द काही कळफलक स्वतंत्र 'ऱ' वापरून लिहितात, काही साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही, तो स्वतःच्या नियमाने बदलावा लागतो. कोठाराच्या कुलपाचा शब्द निवडताना 'ऱ्य' टाळणं हा त्याहून सोपा उपाय.

एकेक अक्षर उमटवण्याचा परिणाम काढून टाकला. तो संकेतांनुसार चालतो, त्यामुळे आधी 'क्' दिसतो, मग 'क्ष' होतो, वेलांट्या मागाहून येऊन बसतात. शब्दाशब्दाने उमटवलं की हा त्रास नाही.

बाकी आहे ते पृथ्वीवरच्या जबाबांचं वर्णन. तिथल्या रात्रीत ध्रुवतारा म्हणून आजचा ध्रुव चालणार नाही. परांचनामुळे (पृथ्वीच्या अक्षाची भोवऱ्यासारखी संथ डोलण्याची गती) सन १२००० च्या सुमारास खगोलीय ध्रुव हंस आणि अभिजित यांच्या मधल्या भागात असेल. त्यानंतर चित्रातल्या सहा ओळींचा प्रसंग लिहायचा आहे, आणि मुक्कामाचं दीड वर्ष तिथे जुळवून घ्यायचं आहे.