चप्पल तुटली का?

दुपारी जेवणं झाल्यावर दारातल्या उन्हात उजवी टाच मांडीवर घेऊन बसलो होतो. हातात आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन. थुंकी लावून चोळलं की काटा काळा दिसतो, हे कुणी शिकवलं आठवत नाही, पण दिसतो. सराटा नव्हताच. तो उपटला की निघतो. हा बाभळीचा, टोक आत मोडून बसलेला.

"साडेचार हजाराचे बूट खुंटीला, अन् पायात काटे," आई आतून म्हणाली.

दोन महिने झाले, मी अनवाणी पळतोय. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा वाचत सुटलो. जाड टाचेचे बूट घातले की माणूस टाचेवर आदळतो, अनवाणी पळणारा बहुतेकदा चवड्यावर उतरतो आणि दणका कमी बसतो, असं हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी 2010 मध्ये मोजून दाखवलं. मग इथिओपियाचा अबेबे बिकिला सापडला. 1960 च्या रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन त्यानं अनवाणी जिंकली, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, आणखी कमी वेळात, पण बूट घालून. अनवाणीवाले हे सांगत नाहीत. मीही मित्रांना सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटा उतरावा लागला.

खरं तर अनवाणी पळणं मला नवीन नव्हतं. शाळेत जाताना चपला दप्तरात असायच्या; झिजू नयेत म्हणून फाटकापाशी पोचल्यावर पायात. पावसाळ्यात तर काळ्या रानातून दोन पावलं टाकली की चिखलाचे बूट आपोआप चढायचे, शेर-शेर वजनाचे. बांधावरच्या दगडावर ते खरडून काढायचे, दहा पावलांवर परत तेच. काटा मोडला की आजी बिब्बा तापवून चटका द्यायची. काट्यापेक्षा चटक्याची भीती जास्त, म्हणून काटे लपवून लंगडत फिरायचो.

आमच्याच बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य आणलं. त्याच्या बुटांना काटे खालून असतात. माझे वरच्या बाजूला घुसतात, एवढाच काय तो फरक.

काटा काही निघेना. पिन फिरवता फिरवता सकाळचं आठवत राहिलं. अंबाजोगाईच्या बाहेर, कापूस वेचायला निघालेल्या चार बाया समोरून येत होत्या. डोक्याला फडकी, हातात भाकरीची गाठोडी. एकीच्या चपलेचा अंगठा तांब्याच्या वायरीनं बांधलेला. माझ्या पायांकडं बघून तीच थांबली.

"चप्पल तुटली का, भाऊ? स्टँडजवळ शिवून मिळंल."

गुडघा, चवडा, हार्वर्ड, सगळं तोंडाशी आलं होतं.

"हो, तुटली," म्हणालो. आणि त्या बाया वळणाआड जाईपर्यंत चालतच गेलो.