माफुशीला जाण्याआधी मालेत

मालदीवला जाणारे बहुतेक प्रवासी माले हे राजधानीचे शहर केवळ विमानाच्या खिडकीतून पाहतात. विमानतळ हुलुले नावाच्या शेजारच्या बेटावर आहे आणि तिथून रिसॉर्टची स्पीडबोट किंवा पाण्यावर उतरणारे छोटे विमान पाहुण्यांना परस्पर घेऊन जाते. मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला रिसॉर्टचा खर्च झेपणारा नव्हता. आम्हाला माफुशी या स्थानिक वस्तीच्या बेटावर साध्या गेस्टहाऊसमध्ये राहायचे होते आणि तिथे लोक ज्या फेरीबोटीने ये-जा करतात तिनेच जायचे होते. ही फेरी शुक्रवारी बंद असते, कारण तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची असून शुक्रवार हा जुम्म्याच्या नमाजाचा दिवस आहे. आम्हाला परवडणारे विमानाचे तिकीट गुरुवारचे होते. त्यामुळे शनिवारपर्यंत मालेत राहणे क्रमप्राप्त झाले, आणि खरे सांगायचे तर मला ते मनातून हवेच होते.

कागदपत्रांचा भाग अपेक्षेपेक्षा सोपा निघाला. भारतीय पर्यटकांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट एवढे जवळ असावे लागते. त्याखेरीज ‘इमुगा’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर प्रवासाची माहिती भरावी लागते. हा फॉर्म विमान सुटण्याआधीच्या ९६ तासांत भरायचा असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे घेऊन तोच फॉर्म भरून देणारी तशीच दिसणारी संकेतस्थळे शोध घेताना आधी समोर येतात, म्हणून पत्ता नीट पाहून घ्यावा. फॉर्म भरल्यावर मिळणारा क्यूआर कोड मी मोबाइलमध्ये ठेवलाच, शिवाय कागदावरही छापून घेतला.

खरी चर्चा झाली ती सामानावरून. मालदीवमध्ये दारू आणि डुकराचे मांस नेता येत नाही हे पुष्कळांना माहीत असते. पूजेच्या मूर्ती नेण्यासही मनाई आहे, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. ताई माळकरी आहे आणि तळहातावर मावेल एवढी विठ्ठलाची पितळी मूर्ती ती प्रवासात नेहमी बरोबर ठेवते. “एवढ्याशा मूर्तीने त्यांचं काय बिघडणार आहे?” असे ती निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होती. नियम तिला वाचून दाखवला, तेव्हा तिने निमूटपणे विठोबाला माझ्या मुंबईच्या घरातल्या देव्हाऱ्यात बसवले आणि सूनबाईला नैवेद्याची आठवण चार वेळा केली. मालेला उतरल्यावर सगळ्या प्रवाशांच्या बॅगा क्ष-किरण यंत्रातून जाताना पाहिल्या, तेव्हा तिने माझ्याकडे एकदा पाहिले, पण बोलली नाही. तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेबद्दल कोणी काही विचारले नाही.

घड्याळ अर्धा तास मागे घेतले आणि पैसे बदलायला गेलो. मालदीवचे चलन रुफिया. अधिकृत दराने एका डॉलरला सुमारे १५.४२ रुफिया मिळतात. डॉलरचे रुफिया करणे सोपे आहे, मात्र उरलेल्या रुफियांचे पुन्हा डॉलर करणे कठीण आणि देशाबाहेर त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून जेवण, बोट आणि किरकोळ खर्च यांच्यापुरतेच बदलावेत. राहण्याचे पैसे गेस्टहाऊसवाले डॉलरमध्येच सांगतात. त्यावर माणशी प्रत्येक रात्रीचा हरित कर असतो. लहान गेस्टहाऊससाठी तो २०२५ च्या आरंभापासून सहा डॉलर झाला आहे, आणि जुलै २०२५ पासून पर्यटनावरचा वस्तू व सेवा कर १७ टक्के आहे. आरक्षण करताना दिसणारा दर आणि हाती येणारे बिल यांत पडणारे अंतर बहुतेक या दोन करांमुळे पडते. आमच्याही बिलात ते पडले होते, पण दर सांगणाऱ्याने करांचा उल्लेख टाळला होता, एवढेच.

हुलुले ते माले हा प्रवास आता पुलावरून बस किंवा टॅक्सीने करता येतो. चीनच्या मदतीने बांधलेला हा पूल २०१८ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. आम्ही मात्र विमानतळासमोरच्या धक्क्यावरून बोटीने गेलो. दहा मिनिटांचा तो पल्ला मला पाण्यावरूनच पार करायचा होता, कारण ३ नोव्हेंबर १९८८ रोजी श्रीलंकेतील तमीळ भाडोत्री सैनिकांनी मालेत बंडाचा प्रयत्न केला, तेव्हा आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीसैनिक त्याच रात्री या हुलुलेवर उतरले होते आणि हीच खाडी बोटींनी ओलांडून मालेत शिरले होते. बोटीत आमच्याबरोबर विमानतळावरचे कर्मचारी, दोन सायकली आणि डोळे मिटून बसलेला एक बांगलादेशी मजूर होता. समोर माले दिसत होते: किनारा असा नाहीच, पाण्यातूनच इमारती वर आलेल्या.

मूळ माले बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे. सारे शहर पायी फिरता येते, पण चालणे आरामाचे नाही. मजीदी मागू या मुख्य रस्त्याला लागून निघणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत आणि दुचाक्या इतक्या जास्त की मुंबईत जन्म काढलेल्या मलाही दर दहा पावलांवर भिंतीला पाठ लावावी लागली. आमचे गेस्टहाऊस अशाच एका गल्लीत, सात मजली इमारतीत होते. खोलीत दोन पलंग ठेवल्यावर बॅग उघडायला जागा उरत नव्हती. मालक अतिशय सज्जन होते. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे का, असे ताईने विचारल्यावर त्यांनी २०१४ सालची हकिगत सांगितली. या शहराला नदी, तलाव काही नाही, भूगर्भातले गोडे पाणी केव्हाच बिघडलेले, त्यामुळे समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यावर सारी भिस्त. त्या डिसेंबरमध्ये कारखान्याला आग लागली आणि लाखाहून अधिक वस्तीचे नळ एकदम कोरडे पडले. भारताने विमानांनी बाटलीबंद पाणी पाठवले, पाठोपाठ नौदलाची जहाजे आली. “त्या आठवड्यात आम्ही भांडी घासली नाहीत,” असे ते हिंदीत म्हणाले. त्यांना हिंदी चित्रपटांमुळे येत होती, असे त्यांचेच म्हणणे.

दुपारी आम्ही उत्तरेकडच्या धक्क्यावरच्या बाजारात गेलो, कारण मासेमारीच्या धोण्या त्याच सुमारास परत येतात. मासळीबाजाराच्या दाराशी ताईने नाकाला पदर लावला आणि ती शेजारच्या भाजीबाजारात गेली. मी आत शिरलो. ओल्या फरशीवर ट्युना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, एकाच दिशेला तोंडे करून ओळीने मांडलेला होता. इथे ट्युना जाळ्याने पकडत नाहीत. काठीला गळ बांधून एकेक मासा ओढून काढतात, त्यामुळे अंगावर ओरखडा दिसत नाही. विकत घेतलेला मासा बाजूच्या ओट्यावर कापणाऱ्याकडे द्यायचा. मी पाहिला तो माणूस डोक्याच्या मागे एक छेद, पाठीच्या कण्याला लागून दुसरा, मग पोटाकडून तिसरा असे करत दोन-अडीच फुटांच्या माशाचे चार लांब तुकडे काढत होता आणि हे करताना शेजाऱ्याशी चाललेले बोलणे थांबवत नव्हता. आपल्याकडच्या मासळीबाजाराची सवय असलेल्या माणसाला एक गोष्ट फार जाणवते: इथे विकणारे, कापणारे आणि बहुतांश घेणारेही पुरुषच. कोळणींशिवाय मासळीबाजार कसा चालतो हे मला शेवटपर्यंत नीट पचले नाही.

भाजीबाजारात ताई एका कांद्याच्या ढिगापाशी उभी होती. ती निफाडची, घरची कांद्याची शेती. तिने एक कांदा उचलून पाकळी सोलली, दाबून पाहिला आणि म्हणाली, “उन्हाळ कांदा आहे. आपल्याच भागातला असणार.” तो निफाडचाच होता असे मी म्हणणार नाही, पण भारतातला असण्याची शक्यता मोठी होती. मालदीवमध्ये शेतजमीन नाममात्र असल्याने भारत दरवर्षी ठरावीक कोट्याने तांदूळ, पीठ, साखर, अंडी, बटाटे आणि कांदा तिथे पाठवतो, आणि देशातून निर्यातबंदी असली तरी हा कोटा चालू राहतो. २०२४-२५ साठी कांद्याचा कोटा पस्तीस हजार टनांहून अधिक होता. डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीत भाव पडून ताईच्या घरचा कांदा चाळीत सडला होता, त्यामुळे या कोट्याची माहिती ऐकून तिला आनंद झाला असे म्हणता येणार नाही. सरकारला शेजारधर्म सुचतो, शेतकरी सुचत नाही, अशा अर्थाचे ती बरेच काही बोलली. त्या विक्रेत्याला ते कळले नाही, पण आम्ही अर्धा किलो केळी घेतल्यावर त्याने दोन जास्त घातली.

तिच्या जेवणाचा प्रश्न मात्र खरोखरीचा होता. सकाळचा ठरलेला पदार्थ म्हणजे मस हुनी, ज्यात ट्युना, ओले खोबरे, कांदा आणि मिरची एकत्र कुस्करलेली असते. चहाबरोबरचे तळलेले पदार्थ बाहेरून सामोशासारखे दिसले तरी आत मासाच निघतो. आम्ही हॉटेलवाल्याला मासा न घालता तेच मिश्रण करायला सांगितले. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि खोबरे-कांदा-मिरची लिंबू पिळून रोशीबरोबर दिले. रोशी ही पोळीच, जरा जाड. ताईने ते दोन्ही दिवस खाल्ले.

शुक्रवारी सकाळी हुकुरू मिस्की ही जुनी मशीद पाहिली. सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याच्या काळात १६५८ मध्ये ती पूर्ण झाली. आत जाण्यास मुस्लिमेतरांना परवानगी लागते. आम्ही अंगभर कपडे घालून आवारातूनच पाहिली आणि तेवढ्यानेही समाधान झाले. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत. हा दगड समुद्रातून काढल्यावर मऊ असताना कापायचा, वाळला की टणक होतो. चुना न वापरता एकात एक खाचा बसवून ठोकळे जोडलेले आहेत आणि त्यांवर वेलबुट्टी व अक्षरे इतकी बारीक कोरली आहेत की जवळ गेल्यावर छिद्रे दिसेपर्यंत हा प्रवाळ आहे हे ध्यानात येत नाही. आवारात जुन्या कबरी आहेत: पुरुषांच्या दगडांची टोके निमुळती, स्त्रियांच्या दगडांची गोल. मालदीवने ११५३ मध्ये इस्लाम स्वीकारला, त्याआधी इथे बौद्ध धर्म होता. ताई बराच वेळ एका गोल टोकाच्या दगडापुढे थांबली होती. आता प्रवाळ काढून घरे बांधणे बंद झाले असून शहर उभे राहते ते सिमेंटवर. वाळू आणि खडीही भारताच्या त्याच कोट्यातून येते.

साडेअकराच्या सुमारास दुकानांची शटर एकामागून एक खाली आली आणि दुचाक्यांचा आवाजसुद्धा थांबला. दोन तास काहीही मिळत नाही, हे आधी ठाऊक असेल तर बरे. आम्ही केळी आणि पाणी घेऊन दक्षिणेकडच्या समुद्रभिंतीकडे गेलो. १९८७ मध्ये मोठ्या लाटांनी शहरात पाणी शिरल्यानंतर जपानच्या मदतीने काँक्रीटचे चौपायी ठोकळे रचून ही भिंत बांधली गेली. २००४ च्या सुनामीत मालेचे नुकसान मर्यादित राहिले, त्याचे बरेच श्रेय या भिंतीला देतात. बसायला सावली नव्हती, तरी आम्ही बसलो, कारण गल्लीतल्या खोलीपेक्षा तिथे वारा होता.

शनिवारी दुपारी शहराच्या नैऋत्य टोकाच्या फेरी टर्मिनलवरून माफुशीची बोट धरली. सुटण्याच्या तासभर आधी जावे, कारण स्थानिक लोक आठवड्याचा बाजार घेऊन परतत असतात आणि जागा भरते. स्पीडबोटी अर्ध्या तासात पोहोचवतात, पण भाडे कितीतरी पट. साधी फेरी दीड तास घेते. मोठी बॅग बोटीच्या पुढच्या भागात ठेवावी लागली आणि ती फ्रिजच्या एका खोक्याखाली गेली, तेवढाच त्रास. परतीच्या प्रवासाआधी ‘इमुगा’चा फॉर्म पुन्हा भरायचा असतो, तो माफुशीतून निघण्यापूर्वीच भरून घेतला. देशाबाहेर प्रवाळ नेण्यास बंदी असल्याने ताईने वेचलेले पांढरे तुकडे पुन्हा किनाऱ्यावर टाकायला लावले, आणि उरलेल्या रुफियांचा विमानतळावर दोघांनी चहा घेतला. तो महाग होता आणि बरा नव्हता.